धर्माच्या गायीचे दात

येरमाळ्याच्या येडेश्वरीचा डोंगर मागं टाकून बीडच्या दिशेनं निघालं, की धुळे-सोलापूर महामार्गावर तेरखेडा लागतं. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं हे गाव राज्यभर ओळखलं जातं ते फटाक्यांसाठी. आसपासच्या माळावर फटाक्यांचे कारखाने आहेत. दारू भरायची, सुतळी गुंडाळायची, वात बसवायची, ही सगळी कामं हातांनी होतात. दिवाळीत शहरांचं आकाश उजळतं त्याची तयारी इथं उन्हाळ्या-पावसाळ्यापासून चाललेली असते. या धंद्यात एक ठिणगीही पुरते, आणि अशा ठिणगीची बातमी अधूनमधून येतेच.

कारखान्यात स्फोट झाला, की मजुराच्या घराकडं पैसा दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट कायद्याची. कामावर असताना मजूर दगावला, तर त्याचं वय आणि मजुरी यांवरून भरपाई किती द्यायची, याचं सूत्र 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलं आहे. आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. दुसरी वाट मदतीची. मंत्र्यांनी जाहीर केलेली रक्कम, कुणी हातावर ठेवलेले पैसे, एखाद्या संस्थेनं उचललेला मुलांच्या शिक्षणाचा खर्च. पहिली भरपाई मागता येते, नाकारली तर दाद मागता येते. फक्त मजूर तिथं कामाला होता हे दाखवता यावं लागतं. दुसरी मिळाली तर मिळाली.

अतिश्रीमंतांच्या दानाविषयी जगभर जो वाद चालू आहे, तो याच दोन वाटांमधल्या फरकाचा आहे. तो समजून घ्यायला धाराशिव जिल्ह्याइतकी चांगली जागा शोधूनही सापडायची नाही. या जिल्ह्याला एके काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचं नाव होतं. पुढं जगातल्या सर्वांत श्रीमंत अशा दुसऱ्या माणसाच्या पैशातून इथल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा वैद्यकीय अभ्यास झाला. टाटांची संस्था इथं आहे. 1993 च्या भूकंपानंतर देश-परदेशातून दाते इथं आले. आणि तरीही 2018 मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीच्या जोडीला धाराशिवचं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचं, नाव होतं.

सुरुवात निजामापासून करावी लागते. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं. 2023 मध्ये ते पुन्हा धाराशिव झालं. 22 फेब्रुवारी 1937 च्या 'टाइम' साप्ताहिकानं याच निजामाला मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून छापलं. स्वतःवर खर्च करताना तो कमालीचा चिकट म्हणून प्रसिद्ध होता, देणग्या देताना मात्र नव्हे. बनारस हिंदू विद्यापीठाला त्यानं 10 लाख रुपये दिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी 11 वर्षं दरसाल 1,000 रुपये आणि अतिथिगृहासाठी 50,000 रुपये दिले. आज महाभारताचा अभ्यास करणारा प्रत्येक जण त्या आवृत्तीचा ऋणी आहे, आणि म्हणून थोडा निजामाचाही.

हा पैसा येत कुठून होता? संस्थान सुमारे 82,000 चौरस मैलांचं. त्यातला जवळपास दहावा हिस्सा 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. तिथला महसूल थेट त्याच्या खजिन्यात जमा होई. उरलेल्या मुलखात जहागिरदार होते, देशमुख होते, आणि सर्वांत खाली दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं. विद्यापीठांना मिळालेल्या देणग्यांनी या कुळांच्या आयुष्यात काही बदललं नाही. बदल सुरू झाला तो 1949 मध्ये सर्फ-ए-खास विलीन झाल्यावर, जहागिरी संपल्यावर आणि 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यानं कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिल्यावर. त्या कायद्यातून पळवाटा काढणारेही पुष्कळ निघाले. पण ज्या कुळांच्या नावावर सातबारा चढला, त्यांच्या नातवंडांना कुणाच्या उदारपणाची वाट पाहावी लागली नाही.

दानाचा दुसरा मोठा लोंढा आला तो 1993 मध्ये.

30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची गावं कोसळली. सरकारी आकड्यानुसार 7,928 माणसं मेली. किल्लारीचं नाव सगळीकडं झालं, पण उस्मानाबादकडच्या सास्तूर आणि आसपासच्या गावांचीही तीच गत झाली होती. त्यानंतर मदतीचा जो ओघ लागला तसा मराठवाड्यानं पूर्वी पाहिला नव्हता. उद्योगसमूह, वृत्तपत्रं, सेवाभावी संस्था, परदेशी संघटना, सगळ्यांनी गावं दत्तक घेतली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त घरांतली 1,200 मुलं पुण्याला नेली, वाघोलीत त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. त्यातली कितीतरी पुढं आपापल्या पायांवर उभी राहिली. या कामाचं मोल कुणी कमी करू नये.

घरांची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि दात्यांच्या मदतीतून 52 गावं नव्या जागी वसवली गेली. त्यात कुणाला केवढं घर द्यायचं हे ठरवताना मोजमाप लावलं गेलं ते जमिनीचं. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्यांना 750 चौरस फूट. कारण सांगितलं जाई ते असं, की मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारं, जनावरं यांसाठी जागा लागते. ते खोटंही नव्हतं. पण सात माणसांचं शेतमजूर कुटुंबही 250 फुटांतच बसवलं गेलं.

यात एक विचित्र उलटापालट होती. भूकंपात माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या वजनानं. गवताच्या, कुडाच्या हलक्या झोपडीत राहणारा गरीब त्या मानानं वाचला. एका रात्रीपुरती धरणीनं श्रीमंत-गरीब ही उतरंड उलटी केली होती. पुनर्वसनानं ती पुन्हा सुलटी केली, आणि सिमेंट-काँक्रीटमध्ये पक्की केली. जुन्या गावात कोण किती जमिनीचा मालक होता, हे नव्या गावात घराच्या लांबी-रुंदीवरून कळू लागलं.

'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण घेणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी वापरली जाते. फुकट मिळालंय, मग तक्रार कसली? नव्या वसाहतींतल्या लोकांनी तरीही दात मोजले. सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि एकसारख्या घरांच्या ओळी त्यांना गावासारख्या वाटत नव्हत्या. गोठा कुठं, कडबा कुठं, भावकी एका आळीत का नाही, हे प्रश्न नकाशा काढताना फारसे कुणी विचारले नव्हते. याच कार्यक्रमातला दुसरा भाग जास्त शिकवणारा आहे. जी गावं हलवली नाहीत, तिथं सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीसाठी पैसा थेट घरमालकांना दिला गेला. काम कसं करायचं हे समजावायला गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढं आल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचं काम त्यातूनच वाढलं, आणि 2017 मध्ये याच संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं 'इक्वेटर' पारितोषिक मिळालं. सिमेंट किती आणायचं आणि गवंडी कोणता लावायचा हे जिथं घरातल्या माणसांनी ठरवलं, तिथं ते घर त्यांचं झालं.

तिसरी गोष्ट बार्शीची. जिल्ह्याच्या सीमेला लागून, तेरखेड्याहून तासाभराच्या वाटेवर हे गाव आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं डॉ. भगवान नेने यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या मदतीनं 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शीबरोबर भूम आणि परंडा हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुके त्यात होते. खेड्यातल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो आणि ती दवाखान्यात येते तेव्हा उशीर झालेला असतो, हे या नोंदींतून आकड्यांनिशी समोर आलं.

1999 मध्ये त्याच भागात या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. पैसा बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाचा होता. गेट्स त्या वेळी जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे 52 गट पाडून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका त्यात घेतल्या गेल्या. चार विभाग केले. पहिल्या तीन विभागांतल्या बायकांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी एकेकदा तपासणी झाली. चौथ्या विभागातल्या 31,488 बायकांची तपासणी झाली नाही. त्यांना रोगाची माहिती दिली गेली आणि नेहमीचे दवाखाने होतेच. तुलना करायला असा एक विभाग हवा, असं संशोधकांचं म्हणणं होतं.

एप्रिल 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आले आणि ते जगभर गाजले. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तरी कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे या जिल्ह्यातल्या बायकांनी सिद्ध करून दिलं. ज्या विभागात ही चाचणी झाली तिथं 34 बायका या रोगानं दगावल्या. तपासणी न झालेल्या विभागात 64. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढच्या शिफारशींना या अभ्यासाचा आधार आहे. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या बाईची आज ही चाचणी होते, त्यामागं या जिल्ह्यातल्या बायकांचाही वाटा आहे.

पण त्या 64 बायकांचं काय, असा प्रश्न अमेरिकेतल्याच काही डॉक्टरांनी लावून धरला. साधी तपासणी उपयोगी पडते हे आधीच ठाऊक होतं. मग एका विभागाला तिच्यावाचून ठेवणं श्रीमंत देशात चाललं असतं का? संशोधकांचं उत्तर असं, की भारतातल्या खेड्यात 'नेहमीची सेवा' म्हणजे कोणतीच तपासणी नव्हती. अभ्यासानं कुणाकडून काही काढून घेतलं नाही. दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट मात्र उरते. जिथं सरकारी आरोग्यसेवा रिकामी असते, तिथंच असा अभ्यास शक्य होतो. विषमता या प्रयोगाची पार्श्वभूमी नव्हती, ती त्याची अट होती.

यापुढचा भाग कुणा दात्याच्या हातात नव्हता. अभ्यास छापून आल्यावर दहा वर्षांनी, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं गेलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झाली आहे का. 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या 1.9 टक्के. उपाय दानातून सापडला होता, तो घरोघरी पोचवायला लागणारी परिचारिका, प्रयोगशाळा आणि दरसालचा खर्च दानातून येण्यासारखा नव्हता. गेट्स यांनी 2025 मध्ये जाहीर केलं, की 2045 च्या अखेरपर्यंत जवळपास सगळी संपत्ती वाटून प्रतिष्ठान बंद करायचं. निर्णय मोठ्या मनाचा आहे, यात वाद नाही. मात्र कोणत्या रोगावर, कोणत्या देशात आणि कधीपर्यंत खर्च करायचा, हे ठरवणाऱ्यांना जगात कुणीही निवडून दिलेलं नाही.

टाटांचं उदाहरण यात वेगळं आणि जास्त बोलकं आहे. टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के समभाग टाटा कुटुंबातल्यांनी स्थापलेल्या धर्मादाय न्यासांकडं आहेत. म्हणजे टाटा सन्स जो लाभांश वाटते, त्याचा मोठा भाग आपोआप लोककार्याकडं वळतो. दोराबजी टाटांच्या न्यासानं 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस'. तिची ग्रामीण शाखा 1986 पासून तुळजापूरला आहे. पाणलोट, बचतगट, शेतमजुरांचे प्रश्न यांवर काम करणारी कितीतरी पोरं या आवारातून बाहेर पडली.

2024 च्या जूनअखेर या संस्थेनं मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या मिळून 55 शिक्षकांना आणि सुमारे 60 इतर कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा दिल्या. त्यांचे पगार टाटा शिक्षण न्यासाच्या अनुदानातून होत होते आणि पुढचं अनुदान मंजूर होऊन आलेलं नव्हतं. देशभर ओरड झाली, न्यासानं पैसे देण्याचं मान्य केलं आणि दोन दिवसांत नोटिसा मागं घेतल्या गेल्या. कुणाची नियत वाईट नव्हती. तरी दहा-दहा वर्षं शिकवणाऱ्या माणसाची नोकरी एका मंजुरीच्या कागदावर टांगलेली होती, हे सगळ्यांना दिसलं.

याच टाटांचं मुंबईतलं कर्करोग रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या होत्या, त्यांची ती आठवण. 1957 मध्ये ते केंद्र सरकारनं ताब्यात घेतलं आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडं सोपवलं. मराठवाड्यातून परळच्या फूटपाथवर मुक्काम ठोकणाऱ्या रुग्णांना आज तिथं जे उपचार मिळतात, त्यांचा बीजनिधी टाटांचा आणि चालता खर्च प्रामुख्यानं सरकारी तिजोरीचा आहे. पाया दात्यानं घातला आणि पुढचा भार करदात्यांनी उचलला, म्हणून हे काम 80 वर्षांहून अधिक टिकलं.

मग श्रीमंतांना दान करायला कायद्यानंच भाग पाडलं तर? भारतानं हेही करून पाहिलं आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार जी कंपनी निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एक तरी निकष पूर्ण करते, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. 2022-23 मध्ये देशात सुमारे 30 हजार कोटी रुपये अशा मार्गानं खर्च झाले. सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, 5 हजार कोटींहून अधिक.

हा आकडा ऐकून धाराशिवनं हुरळून जाऊ नये. कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. कंपन्यांची कार्यालयं मुंबई-पुण्यात, कारखाने चाकण-तळोज्यात. पैसाही तिकडंच घुटमळतो. आकांक्षित जिल्ह्यांना या खर्चातला फारच थोडा हिस्सा मिळतो, हे संसदेत पुन्हा पुन्हा चर्चिलं गेलं आहे. धाराशिवकडं उद्योग म्हणजे मुख्यतः साखर. त्यातही सहकारी कारखाने सहकार कायद्याखाली येतात, त्यांना कंपनी कायद्याचं हे कलम लागूच होत नाही. तेरखेड्यातल्या फटाक्यांच्या छोट्या घटकांचा तर प्रश्नच नाही. ज्या जिल्ह्यात कंपन्या नाहीत म्हणून गरिबी आहे, त्याच जिल्ह्यात कंपन्या नाहीत म्हणून सामाजिक निधीही नाही.

आता थोडं जिल्ह्याबाहेर पाहू. अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी, लुका शॉन्सेल, नितीन कुमार भारती आणि अनमोल सोमंची यांनी मार्च 2024 मध्ये भारतातल्या शंभर वर्षांच्या विषमतेचा अभ्यास मांडला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या उत्पन्नातला सुमारे 6 टक्के वाटा सर्वांत वरच्या 1 टक्का लोकांकडं जात होता. 2022-23 मध्ये तो 22.6 टक्क्यांवर गेला आणि संपत्तीतला वाटा 40.1 टक्क्यांवर. यावर मतभेद आहेत. प्राप्तिकराच्या नोंदी आणि पाहण्या जोडून काढलेले हे अंदाज आहेत, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. दिशा कुठली आहे, याबद्दल मात्र फारसं दुमत नाही.

याच काळात वारशावरचा कर 1985 मध्ये रद्द झाला. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. तो गोळा करायला त्रास फार आणि मिळकत जेमतेम हजार कोटींची, असं कारण दिलं गेलं. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांवरच्या कराचा दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला गेला. गुंतवणूक आणि रोजगार वाढावा हा हेतू होता. त्यानं तिजोरीचं वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचं उत्पन्न बुडेल, असा सरकारचाच अंदाज होता. कंपन्यांचा वर्षाचा सगळा सामाजिक खर्च या रकमेच्या जवळपास पाचवा हिस्सा भरतो. कंपन्या दान किती करतात याच्या बातम्या येतात. कर किती कमी भरावा लागला याची बातमी एकदा येते आणि विरते.

अझीम प्रेमजींसारखी माणसं या हिशेबात वेगळी काढावी लागतात. 2019 मध्ये त्यांनी विप्रोमधल्या आणखी 34 टक्के समभागांचे आर्थिक लाभ शिक्षणकार्यासाठी वाहिले. अशी माणसं मोजकी आहेत, हीच अडचण आहे. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीनं 1889 मध्ये श्रीमंतानं मरण्याआधी संपत्ती वाटून टाकावी असं लिहिलं आणि पुढं अडीच हजार ग्रंथालयं बांधली. मधल्या काळात, 1892 मध्ये, त्याच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरी कापल्यावरून संप झाला आणि तो गोळीबारानं, रक्तपातानं गाजला. दिवसाला बारा तास राबणाऱ्या कामगाराला ग्रंथालयात जायला वेळ कुठला, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

महाराष्ट्रानं या प्रश्नावर स्वतःचं एक उत्तर शोधलं होतं, आणि ते 1972 च्या दुष्काळात तावून-सुलाखून निघालं. त्या वर्षी मराठवाड्यातले लाखो लोक खडी फोडायला, तलाव खणायला कामांवर होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना अशी, की काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारवर बंधन असावं. त्यातून 1977 चा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 मध्येच शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला होता, आणि सरकारनं त्यात आपला हिस्सा घातला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे उस्मानाबादच्या बांधबंदिस्तीवर पोचू लागले. देणाऱ्याचं नाव कुठल्या पाटीवर नव्हतं आणि घेणाऱ्याला कुणापुढं हात जोडायचे नव्हते. कामांत भ्रष्टाचार झाला, खोटे मस्टर भरले गेले, हेही खरं. तरी 2005 मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा करताना समोर नमुना होता तो महाराष्ट्राचा.

या योजनेचीही एक मेख आहे, आणि ती प्रत्येक पगारपत्रकावर दिसते. राज्यघटनेच्या कलम 276 नं व्यवसाय कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. ही रक्कम 1988 पासून बदललेली नाही. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300. गिरणीतला फोरमनही एवढेच भरतो आणि वर्षाला पाच कोटी पगार घेणारा बँकेचा मुख्याधिकारीही एवढेच. गरिबांच्या हक्काचा कायदा करताना महाराष्ट्र देशाच्या पुढं होता. त्याचा खर्च ऐपतीप्रमाणं वाटून घ्यायचं काम अजून बाकी आहे.

दानानं जीव वाचतात, नवे उपाय सापडतात, संस्था उभ्या राहतात. धाराशिवनं हे सगळं अनुभवलं आहे. विषमता मात्र कमी झाली ती जमीन, मजुरी आणि उपचार यांवर कायद्यानं हक्क मिळाला तेव्हा. ज्या दानाला करसवलत मिळते, त्यातला काही भाग जनतेच्याच खिशातला असतो. म्हणून त्याचा हिशेब मागणं हा कृतघ्नपणा नव्हे.

असाच एक हक्क महाराष्ट्रात कागदावर पडून आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. धर्मादाय न्यासांनी चालवलेल्या रुग्णालयांना जमीन, कर आणि इतर सवलती मिळतात. त्या बदल्यात राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 41 कक नुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणं प्रत्येक बिलाच्या 2 टक्के रक्कम या रुग्णांच्या निधीत जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर सवलतीत. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, अनामत रकमेसाठी अडवायचं नाही, असंही ही योजना सांगते. सोलापूरला, पुण्याला किंवा मुंबईला मोठ्या रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका बरोबर घ्या, रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचारा, आणि या खाटा मागा. नकार मिळाला तर तक्रार धर्मादाय आयुक्तांकडं करता येते.